सोसायटीच्या शिक्क्याखालची साखर

चंद्रभागा गेली ती श्रावणात. पण आपलं नेमकं काय गेलं, ते तिच्या नवऱ्याला, दामाजी नाखवाला, कळलं कार्तिकात, खोपटच्या एसटी डेपोत, सकाळी सहाला, अंगात फक्त लुंगी आणि बनियन असताना.

तो तिथं कसा पोचला ते त्याला आजही सांगता येत नाही. वर्तकनगर ते खोपट चालतच आला असणार, कारण एका चपलेचा अंगठा तुटला होता आणि दुसरी चप्पल त्याची नव्हतीच. मुरबाडच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून तो कंडक्टरला पुन्हा पुन्हा सांगत होता, "दोन फुल द्या. एक मी, एक ती. ती पुढच्या स्टॉपला टोपली घेऊन उभी हाय." अंग घामानं निथळत होतं, जीभ जड झाली होती. मागच्या सीटवरची एक बाई म्हणाली, "सकाळी सकाळी लावून आलाय मेला."

दामाजीनं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. बाळकुमला खाडीकाठी जन्मून, नातलगांच्या प्रत्येक हळदीत उजाडेपर्यंत नाचूनही लावला नव्हता. कंपनीत एकतीस वर्षं त्याला "लिंबू सरबत" म्हणून हाक मारत. एवढं कोरडं आयुष्य काढून शेवटी त्याला हे सर्टिफिकेट मिळालं. कंडक्टर मात्र शहाणा होता. त्याच्या आईला डायबेटीस होता. त्यानं कँटीनमधून चहा मागवला, त्यात चार चमचे साखर घालायला लावली आणि दामाजीला घोट घोट पाजला. दहा मिनिटांत दामाजी माणसात आला. माणसात आल्यावर त्याला पहिलं काय दिसलं असेल, तर बनियनला पडलेलं भोक.

दुपारी डोंबिवलीहून मुलगी आली. शालन.

"ही पहिली वेळ नाय, बाबा," ती म्हणाली.

"मग?"

"आई पहाटे मासळी आणायला उठायची ना, तेव्हा आधी तुझ्या मानेला हात लावून बघायची. मान ओली लागली की गुळाचं पाणी पाजायची. आठवड्यातनं दोनदा तरी. तुला पत्ता पण नसायचा."

पहाटेचा तो मानेवरचा हात दामाजीला चांगला आठवत होता. अर्धवट झोपेतली ती गोड चवसुद्धा. अकरा वर्षं त्याला वाटत आलं होतं, की बायको आपले लाड करते. बाळकुमच्या भिवाजीला त्यानं एकदा छाती फुगवून सांगितलंही होतं, "साठी आली तरी आमची पहाट अजून गोड हाय." आता कळलं, ते औषधपाणी होतं.

"मग मला का नाय सांगितलं तिनं?"

"सांगितलं असतं तर तू इंजेक्शन बंद केलं असतंस. म्हणाला असतास, साखर उतरलीय, श्रीखंड आण."

हे खरं होतं, म्हणून त्याला जास्त राग आला.

शालनचं म्हणणं सरळ होतं. खोलीला टाळं लावायचं आणि बाबानं डोंबिवलीला यायचं. शालन चांगली, जावई चांगला, चौथा मजला हवेशीर. पण शालनच्या सासूच्या गळ्यात माळ होती. त्या घरात सुक्या जवळ्याचा वास आला तर फरशी दोनदा धुवायचे. शिवाय दामाजीला या खोलीतून हलायचं नव्हतं. का ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. चंद्रभागेची साडी अजून दोरीवर होती, ती काढायची वेळ कुणावर येऊ द्यायची नव्हती, एवढंच.

"डॉक्टरीणबाईंना विचारू," तो म्हणाला. "त्या म्हणतील तसं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर पहाटे उतरते हे खरं, पण किती आणि कधीपासून, ते कळल्याशिवाय इंजेक्शनला हात लावता येत नाही. त्यांच्या भावानं अमेरिकेहून एक नवं यंत्र पाठवलं होतं. एकच होतं, आणि पेशंट आळीपाळीनं तीन-तीन दिवस ते घालत होते. पोटाच्या कातडीखाली केसासारखी तार जाते, तिला वायर, वायरीला कमरेवरचा डबा. डबा दर पाच मिनिटांनी साखर नोंदवतो. आकडा मात्र दाखवत नाही. तो शेवटी दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर दिसतो.

"दिवसातून चार वेळा बोटातलं रक्त या छोट्या मीटरवर घ्यायचं आणि येईल तो आकडा डब्यात भरायचा," त्या म्हणाल्या. "म्हणजे डबा स्वतःला जुळवून घेतो. पहाटेचा रिपोर्ट चांगला आला, तर एकटं राहायला माझी हरकत नाही."

दामाजीनं या सगळ्यातलं शेवटचं वाक्य तेवढं नीट ऐकलं.

मग फॉर्म आला. त्यात एक ओळ होती: घरातील जबाबदार व्यक्तीची सही. दामाजीनं स्वतःची सही केली. नर्सनं ती खोडली. शालननं केली. नर्सनं विचारलं, पत्ता एकच आहे का? नाही म्हटल्यावर तीही खोडली. "मिसेसची आणा," नर्स म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली. दामाजी फॉर्म घेऊन जिन्यात पाच मिनिटं उभा राहिला. मग तो उत्तमकडे गेला.

उत्तम तळमजल्यावर राहायचा आणि सोसायटीचा सेक्रेटरी होता. माणूस मनानं मोकळा, पण शिक्का मारल्याशिवाय तो लग्नाच्या आहेराचं पाकीटसुद्धा देत नसे. "नाखवाकाका, पत्ता एकच ना? बिल्डिंग एक म्हणजे पत्ता एक," असं म्हणून त्यानं सही केली आणि खाली गोल शिक्का हाणला. इथंच घोटाळा झाला. शिक्का लागला म्हणजे यंत्र सोसायटीच्या जबाबदारीवर आलं. संध्याकाळी गच्चीवर तातडीची सभा झाली. पाण्याच्या टाकीसाठी चार वर्षांत कोरम झाला नव्हता, तो दामाजीच्या पोटासाठी झाला.

यंत्र घालायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लुंगी कुठं बांधता?"

असा प्रश्न परक्या बाईनं त्याला पहिल्यांदाच विचारला होता. त्यानं भिंतीकडे बघत बोट दाखवलं. गाठ डावीकडे. करगोटा त्याच्या खाली.

"कुठल्या कुशीवर झोपता?"

"डावीकडं. ती तिकडं असायची म्हणून." मग बोट खाली घेत तो म्हणाला, "आता कुठंपण झोपतो."

तार उजवीकडे बसवायचं ठरलं. गाठीपासून दूर, करगोट्यापासून दूर, बेंबीपासून चार बोटं. तिथले केस नर्सनं भाकरीएवढे काढले. दामाजीला सुई टोचल्याचं कळलंही नाही. कळलं ते चिकटपट्टी लावल्यावर आरशात बघताना. पिकल्या केसांच्या पोटावर ते गुळगुळीत वर्तुळ असं दिसत होतं, की कुणी तिथं दुकानाची पाटी लावायची जागा करून ठेवलीय.

डब्याला मागं चाप होता, पट्ट्याला अडकवायला. अमेरिकेत सगळे पट्टा घालत असतील. लुंगीला पट्टा नसतो. उत्तमनं स्वतःचा चामडी पट्टा आणून लुंगीवर आवळला. दामाजी आरशासमोरून सरळ आत गेला आणि पट्टा काढून आला.

"हा माणूस हाय का रिटायर्ड हवालदार?" तो म्हणाला.

शेजारच्या खोलीतल्या केशरबाईंकडे प्रत्येक दुखण्यावर उपाय असे. त्यांनी जुन्या लुगड्याची पट्टी आणली. ती पोटावर बाळंतिणीला बांधतात तशी घट्ट बांधली. दामाजीला जेवता येईना. सैल केली तर डबा घसरून मांडीवर यायचा, वायर ताणली जायची, आणि डबा टीं टीं टीं करून बोंबलायचा. दुपारच्या उकाड्यात घामानं चिकटपट्टीचा एक कोपरा सुटला. केशरबाई म्हणाल्या, तांदळाची खळ लावा. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, खळ लावाल तर याद राखा. त्यांनी कंपाउंडरबरोबर दुसरी रुंद पट्टी पाठवली आणि निरोप, की आधी जागा कोरडी करा, मग लावा, आणि आंघोळीला डबा प्लास्टिकच्या पिशवीत. दुधाची पिशवी धुऊन तयार झाली. घाम लागू नये म्हणून दामाजी ती आंघोळीनंतरही काढेना; ती लुंगीवर वाजायची. मासळी बाजारात दामाजी आला की आधी पिशवी कळायची.

बाजारात दुसरीच अडचण. डबा पेजरसारखा दिसत होता. "दामादादा, तुना कोन पेज करतं रं?" असं एकीनं विचारलं, आणि दुसरीनं त्याच्याकडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. चंद्रभागेला जाऊन चार महिने नाही झाले, आणि हा कमरेला पेजर लावून फिरतो! दामाजीनं घोळ मासा न घेताच घर गाठलं.

तिथं भिवाजी बसला होता. भिवाजीचा जन्म जाळी विणण्यात आणि फाटलेली सांधण्यात गेला होता. त्यानं डबा हातावर घेऊन वजन पाहिलं, बोटांनी लांबी-रुंदी घेतली.

"अरं दामा, यो पळतो कुठं ते बगायचं, मंग अडवायचा," तो म्हणाला. "तू डबा सोडून मानसालाच बांदतंस. मासा बांदतात का कवा?"

त्यानं पिशवीतून नायलॉनचा दोरा काढला आणि तासाभरात डब्याच्या मापाची बारीक जाळी विणली. वायरीला एक ढिला फास ठेवला, म्हणजे अंग वळलं तरी ताण पोटावर येणार नाही. जाळीची दोन टोकं करगोट्याला, मध्ये मऊ सुती फडक्याची घडी. दामाजी उठला, बसला, वाकला, शेवटी दोन पावलं नाचूनही पाहिलं. डबा जागचा हलला नाही. टोचत नव्हता, वाजत नव्हता. त्याला वाटलं, अमेरिकेत कोळी नसावेत. नाहीतर हे त्यांना आधीच सुचलं असतं.

डबा बसला. मग साखर बसवायची होती.

पहिल्या संध्याकाळी बोटातल्या रक्ताचा आकडा आला दोनशे शहाऐंशी. उत्तमनं तो डब्यात भरला आणि त्याचा चेहरा पडला.

"काका, हे आपल्या शिक्क्याखाली जाणार."

"मग काय करू? माझंच रक्त हाय."

"तसं नाही हो. तीन दिवसांचाच प्रश्न आहे. मुलांच्या परीक्षेला आपण टीव्ही बंद ठेवतो की नाही?"

केशरबाईंनी त्याच रात्रीपासून कारल्याचा रस सुरू केला. पण कारल्याला आकडा वाचता येत नव्हता. सकाळी पुन्हा दोनशेच्या वर. तेव्हा उत्तमच्या डोक्यात प्रकाश पडला. डबा स्वतः काही दाखवत नाही. आपण भरतो तो आकडा त्याला कळतो. लाइटच्या मीटरचं रीडिंग आपण कार्डावर लिहून बाहेर लटकवतो, तसंच हे. मग बोट काकांचंच हवं असं कुठं लिहिलंय?

दामाजीनं यावर विचार केला. हे बरोबर नाही, असं त्याला वाटलं. मग त्याला डोंबिवलीची धुतलेली फरशी आठवली. त्यानं बोट मागं घेतलं.

दुपारच्या रीडिंगला केशरबाई पुढं झाल्या. "घ्या माझं. आमच्या माहेरी साखर कुणालाच नाही. आम्ही पहिल्यापासून मेथ्या खातो." त्यांनी बोट असं पुढं केलं, जणू दान देतायत. उत्तम मीटरवरचा आकडा मोठ्यानं वाचत वाचत, सवयीनं, डब्यात भरून मोकळा झाला. तीनशे त्रेचाळीस.

उत्तमनं मीटर खिशात घातला.

"अमेरिकेतलं यंत्र आहे," केशरबाई म्हणाल्या. "त्याला आपलं रक्त काय कळणार!" आणि त्या घरी गेल्या. संध्याकाळी त्यांचं दार बंद होतं.

त्यानंतर बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला स्वतःची शंका आली. माणसं चहाच्या वेळेला यायची, दामाजीची विचारपूस करायची आणि बोट पुढं करायची. आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? दामाजी चहा करायचा, उत्तम टोचायचा. चांगला आकडा आला की डब्यात भरायचे, वाईट आला की आलेला माणूस चहा टाकून जायचा. सगळ्यात सुरेख रक्त निघालं दुसऱ्या मजल्यावरच्या मालनचं. मालन बालवाडीत शिकवायची. तिचा आकडा ब्याण्णव. "पहिला नंबर," उत्तम म्हणाला, आणि पुढची रीडिंगं मालनकडेच द्यायचं ठरलं. मीटरला दर वेळी नवी कागदी पट्टी लागे, त्या पट्ट्याही संपत आल्या होत्या. तिसऱ्या दिवसासाठी एकच पट्टी उरली.

त्या शेवटच्या पट्टीसाठी मालन सकाळी सहाला आली, मागं उत्तम. दार नुसतं लोटलेलं होतं. दामाजी खाटेवर बसला होता. बनियन घामानं पाठीला चिकटलं होतं. त्यानं मालनकडे बघून विचारलं, "पापलेट कसं लावलंस?"

"काका?"

"वजन नीट कर. ती बघतेय."

उत्तम म्हणाला, "झोपेत आहेत." मालननं त्याला बाजूला सारलं. तिनं साखरेचा डबा शोधला, पाण्यात ढवळलं आणि पोरांना पाजते तसं एका हातानं डोकं धरून पाजलं. हळूहळू दामाजीचे डोळे ठिकाणावर आले. तो दोघांकडे पाहत राहिला आणि लुंगी सावरू लागला.

"आता पट्टी," उत्तम म्हणाला.

"यांचं घ्यायला हवं," मालन म्हणाली.

"साखरेचं पाणी पाजल्यावर? आणि शेवटचाच आकडा आहे. चांगला पडू दे. काकांच्या घराचा प्रश्न आहे."

दोघांनी दामाजीकडे पाहिलं. दामाजीनं मालनच्या बोटाकडे पाहिलं. चौऱ्याण्णव आला.

दवाखान्यात डबा काढायलाच अर्धा तास गेला. भिवाजीच्या गाठी नर्सला सुटेनात. कात्री नायलॉनवरून घसरायची. शेवटी भिवाजीनं कमरेचा चाकू उपसला तेव्हा नर्स किंचाळली, आणि बाहेरच्या बाकावरचे दोन पेशंट घरी गेले. "बांदली ती सोडायसाठी नव्हती," भिवाजी चाकू पुसत म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरवर बराच वेळ पाहिलं. शालन शेजारी बसली होती. उत्तम आणि मालन दारात.

"विचित्र आहे," त्या म्हणाल्या. "परवा दुपारी एकदम उडी आहे. त्यानंतर सगळं शांत. पण पहाट छान आहे हो, नाखवा. अगदी तरुण माणसासारखी. मला उगीच काळजी होती. एकटे राहा खुशाल."

शालननं निःश्वास टाकला. उत्तमनं दारातून अंगठा दाखवला. दामाजी पास झाला होता. आता घरी जायचं, पापलेट आणायचं आणि दोरीवरची साडी जिथं आहे तिथं राहू द्यायची.

"दिवसाची साखर जास्त दिसते, तर संध्याकाळचं इंजेक्शन चार युनिट वाढवते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

दामाजीनं त्यांचं पेन पाहिलं. चार. हा आकडा लहान होता, पहाटेची साखर आणखी उतरवायला मात्र पुरेसा. पण पुढच्या खेपेला मालन सहाला येणार नव्हती. तिला यायचं काही कारणच उरलं नव्हतं.

"मॅडम," तो म्हणाला, "लिहू नका. ती पहाट माझी नाय."

"म्हणजे?"

"मालनची हाय. दुपारची उडी केशरबाईंची. बाकी पण बिल्डिंगचंच हाय सगळं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या काय काय बोलल्या ते सांगण्यात अर्थ नाही. उत्तमला त्यांनी विचारलं, की तुमचा तो शिक्का आणलाय का, तो मला तुमच्या कपाळावर मारायचाय. शालननं आपली खुर्ची दामाजीपासून वीतभर सरकवली. ते जास्त वाईट होतं.

रागावून झाल्यावर मात्र त्यांनी मालनला जवळ बसवलं आणि सहा वाजता काय काय पाहिलं ते विचारलं. घाम किती, बोलणं कसं, किती वेळात शुद्धीवर आले. शालनला आईची गुळाच्या पाण्याची वेळ विचारली. सगळं लिहून घेतलं आणि संध्याकाळचं इंजेक्शन वाढवण्याऐवजी सहा युनिटनं कमी केलं, झोपताना दूध-भाकरी सांगितली. यंत्र दुसऱ्या पेशंटकडे जायचं होतं, नाखवांचा नंबर पुन्हा कधी लागेल ते सांगता येत नव्हतं. तोवर रोज पहाटे पाचला कुणीतरी त्यांना उठवून पाहिलंच पाहिजे. "आणि त्या केशरबाईंना माझ्याकडे पाठवा," त्या म्हणाल्या. "तीन दिवसांत एवढं एकच निदान नक्की झालंय."

रस्त्यावर आल्यावर शालन म्हणाली, "झालं. आता चल माझ्याकडं."

उत्तम मध्ये पडला. "ताई, आम्ही आहोत ना."

"तुम्ही आहात ते पाहिलं मी."

"काकांना पाचला उठवायचं एवढंच ना? बिल्डिंगमध्ये चोवीस खोल्या आहेत. मी बोर्डावर यादी लावतो."

शालननं बापाकडे पाहिलं. तो रिक्षाच्या नंबरप्लेटकडे बघत उभा होता.

"सातही वारांना नाव लागलं पाहिजे," ती म्हणाली. "एक जरी वार मोकळा राहिला तर टाळं. पुढच्या रविवारपर्यंत. आणि बाबा, तू खोटं बोलायचं नाय."

"आजच खरं बोललो ना," दामाजी म्हणाला. "त्याचंच हे झालं."

यादी त्याच संध्याकाळी लागली, शिक्क्यासकट. सोमवार मालननं घेतला, मंगळवार उत्तमनं. केशरबाईंनी दोन दिवस यादीकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या डॉक्टरीणबाईंकडून गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आल्या आणि बुधवार लिहिला. "मला आता उठायचंच असतं पहाटे, फिरायला सांगितलंय," असं त्या कुणी न विचारता म्हणाल्या. वर कंसात स्वतःचा पूर्ण पत्ता घातला, खोली नंबरासकट, म्हणजे गैरसमज नको. तिसऱ्या मजल्यावरच्या सरांनी गुरुवार घेतला, पण एकादशी आली तर बदली माणूस मागितला. शुक्रवार भिवाजीनं बाळकुमहून येऊन करायचं कबूल केलं. भरती बघायला तो उठतोच. शनिवारवर दोघांनी हक्क सांगितला, त्यावरून बोलाचाली झाली, आणि शेवटी उत्तमनं चिठ्ठ्या टाकल्या.

रविवारी मात्र सगळ्यांना झोपायचं असतं. मालन माहेरी जाते. ज्याची शनिवारची चिठ्ठी निघाली नाही, त्याला उत्तमनं रविवार देऊ केला, तर तो म्हणाला, मी शनिवारच मागितला होता. दामाजी रोज संध्याकाळी खाली उतरतो, बोर्डासमोर चष्मा लावून उभा राहतो आणि वर येतो.

आज शुक्रवार आहे, शालनची मुदत परवा संपते. रविवारसमोर अजून कुणाचं नाव नाही.